चकवा : अर्थ दुसरा

येसबा बोलायचे थांबले, तरी माझी पेन्सिल चिठ्ठीवर टेकलेलीच राहिली. वरच्या रेघेवर मी 'चकवा' हा शब्द लिहून ठेवला होता. खालची, 'अर्थ' असे छापलेली रेघ कोरी होती. सोप्यात एकच आवाज उरला होता. आतल्या उंबऱ्याशी बसलेली त्यांची सून पळसाच्या पानांचे देठ खुडत होती, आणि प्रत्येक देठ तुटताना बारीकसा टचकन आवाज होत होता. मी तिच्याकडे पाहिले तसा तोही थांबला.

त्याआधीचा तासभर येसबा अखंड बोलत होते. मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ, गिऱ्हा, आसरा. प्रत्येकाचे ठाणे त्यांना ठाऊक होते, प्रत्येकाची खोडी ठाऊक होती. मुंजाविषयी सांगताना ते म्हणाले होते, "लगीन न होता मेलेला तो मुंजा. त्यो पिंपळावर ऱ्हातो. आमच्या कारवटात असले धा-बारा हायती, पर जित्ते. त्ये पारावर बसत्यात." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेपर्यंत हसले होते. माझ्याकडे एका बैठकीत चौदा चिठ्ठ्या भरल्या होत्या. इतके चांगले पीक मला कोणत्याच गावाने दिले नव्हते.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मराठीत एम.ए. होऊन बोलीभाषांच्या एका कोशाच्या कार्यालयात संग्राहक म्हणून लागलो होतो आणि 'कल्पित वस्तू व योनी' हा विभाग माझ्या वाट्याला आला होता. जे कुठेच नाही, त्याचे शब्द गोळा करायचे. संपादक सरपोतदार सरांचे नियम कडक होते. चिठ्ठीवर शब्द, सांगणाऱ्याच्या तोंडचा अर्थ, त्याचे नाव, त्याचे गाव. किमान दोन गावांनी दुजोरा दिल्याखेरीज अर्थ कोशात घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की विचारायचे, सुचवायचे नाही. "तुम्ही विहिरीला पाणी किती आहे ते बघायला गेला आहात," सर म्हणत, "तिच्यात ओतायला नव्हे."

"आबा," मी म्हणालो, "चकवा राहू द्या. दुसरा घेऊ."

"न्हाई, सांगतो की." येसबांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

मग आतून सून बोलली. तिचे नाव हौसा. तिशीची असेल. आवाजात घाई नव्हती, तक्रार नव्हती. "दादा, आमच्या घरातलं माणूस चकव्यात गेलंय. म्हणून मामंजी गप झाले."

तिने नवऱ्याचे नाव घेतले नाही. ते येसबांनी घेतले. सदू. त्यांचा एकुलता एक. बारा वर्षांपूर्वी, भादव्यातच, म्हैस आली नाही म्हणून तो दुपारी सड्यावर तिला शोधायला गेला. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचे ते मैलोन्‌मैल पसरलेले कातळाचे पठार. पावसाळ्यात तिथे धुके उतरले की हाताची बोटे दिसत नाहीत. म्हैस दिवेलागणीला आपली आपण परत आली. सदू आला नाही. गावाने आठ दिवस कडे, घळी, झाडी पालथी घातली. चप्पलसुद्धा सापडली नाही.

"बावीस वर्सांचा हुता," येसबा म्हणाले. "हिला येऊन चौदा म्हैनं झालं हुतं."

"आणि हे देठ?" मी विचारले. विचारायला नको होते.

"त्येचीच तयारी." येसबांनी कोपऱ्यातल्या सुपाकडे बोट केले. तिथे पळसाचे देठ जुडी जुडी करून ठेवले होते. "बारा वर्सं वाट बगायची, मग न्हाई म्हणायचं, आशी रीत हाय. तीनशे साठ देठांचं माणूस करायचं. डोकं, हात, पाय, समदं. त्येला आग दिऊन वाटंला लावायचं. सर्वपित्रीला कराडास्नं भटजी येत्यात." त्यांनी हौसाकडे मान केली. "मग ही मोकळी. हिच्या भावानं जागा बगितलीया. पिठाची गिरण हाय मानसाची. बायकू वारलीया. पाट लावायला तयार हाय. मीच म्हनलं, जा पोरी. माजं काय, आज हाय उद्या न्हाई."

हौसा खाली मान घालून देठ मोजत होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते. मला तेव्हा वाटले, की ही बाई एका माणसाची बाहुली बांधत आहे आणि देठ संपले की हिचे आयुष्य सुरू होणार आहे. अशा कल्पना मला त्या काळात फार सुचत. मी कविता लिहीत असे, मुक्तछंदात, कुणाला न दाखवता.

"मास्तर," येसबा एकदम म्हणाले. हातात वही असलेला प्रत्येक माणूस त्या भागात मास्तर असे. "तुमी येवढी गावं फिरता. समद्यांस्नी इचारता. चकव्याबद्दल कुटं काय येगळं सांगत्यात का?"

"वेगळं म्हणजे?"

"म्हंजी, गेलेला मागारी येतो, आसं."

मी वीस गावे फिरलो होतो. वीसही गावांत चकव्याचा एकच अर्थ होता. वाट फिरवणारे भूत. माणूस सरळ चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. कोंबडा आरवला की सुटतो. जो सकाळी आला नाही, तो चकव्यात नव्हताच, दरीत गेला. हे मला सांगता आले असते. "आम्हाला सांगायची परवानगी नाही, आबा" एवढे म्हणून नियमाच्या आड उभे राहता आले असते. पण येसबा माझ्याकडे पाहत होते. त्या म्हाताऱ्या, पाणी सुटलेल्या डोळ्यांसमोर गप्प बसणे मला जमले नाही.

"एका गावात सांगतात," मी म्हणालो. "चकव्यात गेलेल्या माणसाला एकच दुपार झाली असं वाटतं. बाहेर वर्षं जातात. आत मात्र ऊन कलतच नाही."

वाक्य चांगले झाले होते. ते चांगले झाले आहे, हे मला त्या क्षणीही कळले होते. इतक्या वर्षांत हे कळल्याचे मी कुणापाशी बोललेलो नाही.

येसबा हलले नाहीत. "कुटलं गाव?"

"उंबरघळ." सड्यापलीकडच्या त्या गावाचे नाव मी नकाशात वाचले होते. तिथे मी गेलोही नव्हतो.

"कोन म्हनलं?"

"एक म्हातारी. नाव लिहून घ्यायचं राहिलं."

"ऊन कलतच न्हाई," येसबा पुटपुटले. त्यांनी ते आणखी दोनदा म्हटले. एखादे नवे नाणे माणूस चावून पाहतो, तसे.

मी निघालो तेव्हा हौसा अंगणाच्या कडेपर्यंत तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन मी तांब्या परत दिला. तिने तो लगेच घेतला नाही.

"दादा, खरंच कुनी सांगितलं?"

दुसऱ्यांदा संधी आली होती. आठ पावलांवर येसबा उभे होते. ते सड्याकडे तोंड करून, हाताचा आडोसा धरून पाहत होते.

"हो," मी म्हणालो.

तिने तांब्या घेतला.

कार्यालयात परतल्यावर मी कारवटच्या पंधरा चिठ्ठ्या जमा केल्या. चकव्याच्या चिठ्ठीवर इतर वीस गावांसारखाच अर्थ लिहिला, तो येसबांनी शेवटी दोन शब्दांत उरकला होता. माझे वाक्य मी चिठ्ठीवर लिहिले नाही. तेवढी सचोटी माझ्याजवळ होती, आणि तिचा मला अभिमानही वाटला. म्हाताऱ्याला एक संध्याकाळ बरी गेली असेल, असे मी स्वतःला सांगितले. सर्वपित्री अमावास्येला मला त्याची आठवण झाली. आज तीनशे साठ देठ पेटले असतील, हौसा मोकळी झाली असेल, असे मनात म्हणून मी माझ्या कामाला लागलो.

दिवाळीनंतर सरपोतदार सरांनी मला आत बोलावले. टेबलावर तीन चिठ्ठ्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. त्या भागात शेतीचे शब्द जमवायला गेलेला माझा सहकारी परब याने त्या सहज म्हणून भरून आणल्या होत्या.

"बसा. आणि वाचा," सर म्हणाले. त्यांचा चेहरा मी इतका प्रसन्न कधी पाहिला नव्हता.

पहिली चिठ्ठी कारवटच्या शेजारच्या एका वाडीची होती. दुसरी घाटाखालच्या गावाची. तिसरी उंबरघळची. 'चकवा : ह्यात गेलेल्याला येकच दुपार वाटती. भाईर वर्सं जात्यात.' सांगणारी : गंगूबाई शेडगे, वय अंदाजे ऐंशी.

"हा अर्थ आजवर कुठेच नोंदलेला नाही," सर म्हणाले. "तुम्ही त्याच पट्ट्यात फिरला होता. तुम्हाला कसा नाही मिळाला?"

"सर, हा अर्थ नाही. हे मी केलेलं वाक्य आहे."

सरांनी चष्मा काढला. मी सगळे सांगितले. सोपा, देठ, येसबा, उंबरघळचे नाव. ऐकून झाल्यावर त्यांनी परबला हाक मारली आणि उंबरघळच्या म्हातारीविषयी विचारले.

"कारवटचा एक म्हातारा सारखा येतो म्हणे तिकडे," परब म्हणाला. "पोरगा हरवलेला. घरोघर विचारत होता, हे इथलं कोण सांगतं म्हणून. मी गंगूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, हो, माझी आजी सांगायची."

"आजी?" मी म्हणालो.

"आता तिच्या आजीला मी कुठून आणू?" परब हसला आणि गेला.

मला ते घर न पाहताही दिसले. दारात उभा राहिलेला म्हातारा, त्याची ती विचारण्याची रीत, आणि त्याला 'नाही' म्हणता न आलेली गंगूबाई. मलाही ते आले नव्हते.

"सर, ह्या चिठ्ठ्या रद्द करा."

"कशाच्या आधारावर?"

"मी सांगतो आहे ना."

"तुम्ही एकटे सांगता आहात." सरांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक कठीण गेले. "ह्या अर्थाला तीन गावांचा दुजोरा आहे. तो खोटा आहे, ह्याला एकाच माणसाचा पुरावा आहे. आपले नियम तुम्हाला ठाऊक आहेत. आणि खरं सांगू? हे शब्द असेच तर होतात. मुंजासुद्धा कुणीतरी पहिल्यांदा म्हटलाच असेल. शिक्षा म्हणून तुमचं पुढचं फिरतीचं काम मी काढून घेतो. पण अर्थ राहील."

त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि खणात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कारवटला गेलो.

तुळशीच्या लग्नाला तीन दिवस होते. सडा सोनेरी गवताने झाकलेला होता, आकाश निर्मळ होते, आणि लांबून पाहिले तर कुणी हरवावे असे तिथे काहीच दिसत नव्हते. येसबा सोप्यात बसले होते. दीड महिन्यात त्यांच्या अंगावर मांस आले होते. दाढी केलेली होती. मला पाहताच ते उठले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"या मास्तर. हौसे, कोन आलंय बग. च्या टाक." मला बसवून ते समोर टेकले. "उंबरघळला जाऊन आलो म्या. चार येळा. तुमची म्हातारी घावली. गंगूबाई. तिनं आजीचं नाव सांगितलं. लई जुनी गोष्ट हाय म्हनं. घाटाखालीबी त्येच सांगत्यात."

"आबा, सर्वपित्रीला..."

"कशाची सर्वपित्री? भटजीला म्या वाटंवरनंच मागारी धाडलं. जित्त्या मानसाला आगीत घालतो काय?" ते मोठ्या समाधानाने हसले. "आमचा सदू आजून दुपारीच हाय. त्येला ठावंबी न्हाई आपुन म्हातारं झालो त्ये."

कोपऱ्यातले सूप रिकामे होते. हौसाने चहाचे दोन कप आणून ठेवले आणि ती उंबऱ्याशी उभी राहिली. कुंकू तसेच होते. तिच्याकडे पाहिल्यावर मला वाट पाहणे शक्य नव्हते.

"आबा, ते खोटं आहे. उंबरघळला मी कधी गेलोच नव्हतो. कुणी म्हातारी मला भेटली नव्हती. तुम्ही विचारलंत, मला राहवलं नाही, आणि मी ते बनवून सांगितलं. माझी चूक झाली. विधी करून घ्या."

येसबा माझ्याकडे प्रेमाने पाहत होते. लहान मूल काही बरळले की पाहतात, तसे.

"तुमी बनिवलं?"

"हो."

"मग गंगूबाईच्या आजीला कसं ठावं?"

"तिनं तुमचं मन राखलं, आबा."

"बरं, तिनं राखलं. आन घाटाखालच्यांनी? त्येंनीबी राखलं? येवढ्या मानसांस्नी माज्या मनाची काय पडलीया?" त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमास्नी वरनं कुनी बोललं आसंल. सायब लोक म्हनत आसतील, ह्ये आडाणी लोकांचं खूळ. तुमी नोकरीची मानसं. मला राग न्हाई."

मी पुन्हा तेच म्हणालो, ह्या वेळी जरा मोठ्याने. ते चहा पीत राहिले.

"मामंजी, दादा खरं बोलत्यात," हौसा म्हणाली.

येसबांची बशी ओठांशी थांबली.

"मला त्याच दिशी कळलं हुतं," ती मला म्हणाली. "म्हातारीचं नाव तुमास्नी सांगता आलं न्हाई. बाकी समद्यांची नावं तुमी इचारून इचारून लिवली हुती. माझंबी लिवलं हुतं. तिचंच तेवढं कसं ऱ्हाईल?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीत, वहिनी?"

"त्या रातीला मामंजी दोन भाकरी जेवले. बारा वर्सांत पैल्यांदा." ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत, सोडवत होती. "म्हनलं आठ दिस हायती. चार दिस खुशीत ऱ्हाऊ देत. मग सांगू. पर त्ये उटून उंबरघळलाच गेले. आले तर गावभर सांगत आले. मग कुनाकुनाला सांगनार?"

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. येसबांनी बशी खाली ठेवली.

"भाऊ दोनदा येऊन गेला," हौसा पुढे म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती. "त्यो गिरणीवाला तुळशीच्या लग्नापतुर थांबतो म्हनलाय. त्येच्या घरात दोन लेकरं हायती, त्येला थांबून कसं चालंल? विधी झाल्याबिगर पाट कोन लावनार? मी कुंकू लावून दुसऱ्याच्या दारात जाऊ का?"

"हौसे, त्यो येनार हाय," येसबा हळू म्हणाले.

"येऊ द्या की. आले तर बावीसचेच आसतील. त्येंची एकच दुपार झालीया. मी तिशी वलांडली, मामंजी. आनखी धा वर्सांनी आले तर आई म्हनून हाक मारतील मला." तिने हे चिडून म्हटले नाही. हिशेब मांडावा तसे म्हटले. "आत गेलेल्याचं समदं सांगितलं तुमच्या गंगूबाईनं. भाईर ऱ्हायलेल्या बाईचं काय, त्ये इचारलं का तुमी?"

मी चिठ्ठ्यांच्या त्या खणाचा विचार करत होतो. मुंजा, हडळ, खवीस, आसरा. मेलेल्यांसाठी, न जन्मलेल्यांसाठी, पाण्यात राहणाऱ्यांसाठी आणि झाडावर बसणाऱ्यांसाठी आमच्याकडे चारशे अकरा शब्द जमले होते. तिने जिच्याबद्दल विचारले, तिच्यासाठी एकही नव्हता. त्या दिवशी नव्हता. नंतर कोशाचे चार खंड निघाले, त्यांतही तो आलेला नाही. चकव्याचा दुसरा अर्थ तिसऱ्या खंडात आहे, तीन गावांच्या नावांसह.

"आबा," मी म्हणालो, "तुम्हीच तिला जा म्हणाला होता."

येसबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते जमिनीवरच्या शेणाच्या सारवणाकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना सगळे कळले आहे, हे मला दिसले, हौसालाही दिसले असणार. माझे बोलणे त्यांनी झटकून टाकले होते. तिचे त्यांना झटकता आले नव्हते. चेहऱ्यावर आलेले ते दीड महिन्याचे मांस तिथेच होते आणि त्याच्या आतून जुना माणूस पुन्हा वर येत होता.

हौसा उंबरा ओलांडून बाहेर आली. सासऱ्यासमोर ती बसत नसे. त्या दिवशी ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने पदर सावरला.

"मामंजी, तुमचं समदं केलं, पुढंबी म्हैन्या-दोन म्हैन्यानं येत जाईन. विधी नगं आसला तर ऱ्हाऊ दे. तुमी नुसतं जा म्हना. तेवढं म्हनला तर भाऊ पंचांस्नी सांगंल. एवढ्या एका शब्दावर हुईल." तिने मान वर केली. "मी जाऊ का?"

येसबा भिंतीचा आधार घेऊन उठले. खुंटीवरचा पटका काढून त्यांनी तो सावकाश डोक्याला गुंडाळला. मग दाराशी वाकून वहाणा पायात घातल्या, एक उलटी घातली होती ती पुन्हा काढून नीट घातली, काठी घेतली आणि 'जा' न म्हणताच अंगण ओलांडून ते सदू गेला होता त्याच सड्याच्या वाटेला लागले.